आधी मंडळी जमव, माइक नंतर

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. चोपड्यात वाचकांचा गट काढायचा, त्याच्या बैठका रेकॉर्ड करायच्या आणि त्यातून पुस्तकांचा पॉडकास्ट करायचा, हा बेत छान आहे. कुठला माइक घ्यावा असं विचारलंयस, तेही सांगतो. पण बेतात एक बदल कर: बैठक रेकॉर्ड करू नकोस.

दहा माणसं सतरंजीवर गोल बसवून मधे एक फोन ठेवला, की जवळच्या दोघांचा आवाज फाटतो आणि भिंतीकडचे विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात. दोघं एकदम बोलले की ते नंतर सोडवता येत नाही. आवाजापेक्षा मोठं नुकसान माणसांचं होतं. जी बाई ‘मला हा नवरा अजिबात पटला नाही’ असं तावातावाने म्हणणार होती, ती फोन दिसताच ‘लेखकाने पात्र छान रंगवलंय’ म्हणून मोकळी होते. असले गुळमुळीत भाग कोणी दहा मिनिटंही ऐकत नाही. म्हणून बैठक मोकळी ठेव, एकाने वहीत टिपणं घ्यावीत, आणि दोन-तीन दिवसांच्या आत, चर्चा डोक्यात ताजी आहे तोवर, दोघांनी बसून २५ मिनिटांचा भाग रेकॉर्ड करावा. कोणाचं मत घेतलं तर आधी विचारून घ्यायचं, आणि नाव हवं की नको हे त्यालाच ठरवू द्यायचं. पहिले चार महिने तर फक्त बैठका कर. पाचव्या महिन्यातही माणसं येत असतील तर पॉडकास्टला बोलायला काहीतरी आहे असं समज.

गट आठ ते बारा जणांचा बरा. सहाच असले आणि दोघं लग्नाला गेले की बैठक कोलमडते. बाराच्या वर गेले तर दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटंही येत नाहीत.

खरी अडचण प्रतींची येते. मराठी पुस्तकाच्या आवृत्त्या लहान असतात आणि तालुक्याच्या वाचनालयात एखादी, फार तर दोन प्रती असतात. पुस्तक जाहीर करण्याआधी ग्रंथपालांना भेट आणि ‘या महिन्यात तीन प्रती जमतील का’ एवढंच विचार. एक वाचनालयाची, एक कोणाच्या घरची, एक गटाने वर्गणीतून घेतलेली. तीन प्रती, प्रत्येकाकडे दहा दिवस, म्हणजे महिन्यात नऊ जणांचं वाचून होतं. कोणाकडून कोणाकडे कोणत्या तारखेला प्रत जाणार याचा कागद पहिल्या दिवशीच कर, नाहीतर एक प्रत एकाच घरात महिनाभर मुक्काम करते. अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नकोस. तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे.

पुस्तक निवडताना पंचांग आणि शेत दोन्ही बघ. कापूस वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, चारशे पानांची कादंबरी ठेवलीस तर निम्मे लोक न वाचता येतील आणि उरलेले येणारच नाहीत. तेव्हा कथा किंवा कविता घे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आलेल्या असतात, श्रावणात कानबाईचा सण असतो, एप्रिल-मे लग्नसराई. जाड पुस्तक पेरणी उरकल्यावर, जुलैच्या सुमारास.

बैठकीत ‘पुस्तक कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर ‘छान’ आणि मग शांतता. त्याऐवजी प्रत्येकाने एक चिठ्ठी आणायची: मी कुठे थांबलो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं, कुठे पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. चिठ्ठीवर पान क्रमांक लिहायला सांगशील तर घोटाळा होईल, कारण जुन्या आणि नव्या आवृत्तीची पानं जुळत नाहीत. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहायला सांग. एकाच जागेच्या तीन चिठ्ठ्या आल्या तर चर्चा तिथून सुरू कर. तुझ्या पॉडकास्टचा भागही तिथूनच निघेल. चिठ्ठ्या फेकू नकोस, वहीत चिकटव.

प्रत्येक गटात एक निवृत्त सर असतात. त्यांना खूप माहीत असतं आणि ते सगळं एकाच बैठकीत सांगायचं असतं. त्यांना थांबवू नकोस, काम दे. सुरुवातीचा उतारा सरांनी वाचायचा, आणि मतं मांडताना सर शेवटी. पहिल्यांदा तेच बोलले तर बाकीचे मान डोलावून घरी जातात. पुस्तक वाचून न झालेल्याला हाकलायचं नाही. पण पुढे काय होतं हे त्याच्यासाठी लपवत बसायचं नाही, हेही आधीच सांगून ठेव.

आता रेकॉर्डिंग. तुझ्याकडे दोन फोन आहेत तेवढे पुरे. हजार रुपयांच्या आतले वायरचे दोन कॉलर माइक घे, प्रत्येकाला एक फोन, एक माइक. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. बांगड्या काढून ठेव, ओढणी पिनने मागे घे. माइकवर कापड घासल्याची खरखर नंतर काढता येत नाही. दोन्ही फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन रंगात मामाचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. सेटिंगमध्ये वेव्ह (WAV) फाइल, मोनो (एकच चॅनल), ४८ किलोहर्ट्झ निवड. अशी फाइल मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी जागा खाते, २५ मिनिटांचे सुमारे १४५ एमबी. फोनमध्ये एक जीबी मोकळा असू दे. सुरू केल्यावर दोघांच्या मधे एक जोरात टाळी वाजव आणि संपवतानाही एक. पहिल्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवायच्या. दोन फोनांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, वीस मिनिटांनी किंचित फरक पडतो; तो दुसऱ्या टाळीवर कळतो.

खोली निवडताना टाळीच वाजवून बघ. टाळीनंतर टणकार ऐकू आला तर ती खोली नको. फरशी आणि कोऱ्या भिंतींचा नवा हॉल दिसायला छान, रेकॉर्डिंगला वाईट. गाद्या-गोधड्यांची थप्पी आणि कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली उत्तम. दोघांच्या पाठीमागे एकेक गोधडी दोरीवर टाक, टेबलावर जाड चादर पसर. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंग होत नाही, यावर उपाय नाही.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पंखा आणि कूलर बंद करून बंद खोलीत तासभर बसणं म्हणजे शिक्षा, आणि कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर प्रत्येक शब्दाखाली येते. पहाटे साडेपाच ते सातमध्ये बस. पण त्या वेळी नळाला पाणी येत असेल तर गल्लीभर मोटारी सुरू असतात, तेही पाहून ठेव. त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळ्याचे चार-पाच भाग आधीच्या बैठकांच्या टिपणांवरून जानेवारी-फेब्रुवारीतच करून ठेवणं; तेवढ्यापुरता दोन-तीन दिवसांचा नियम सोड. दर महिन्याला एक भाग एवढंच ठरव. आठवड्याला एक असं जाहीर करणारे बहुतेक सहाव्या-सातव्या भागाला गप्प होतात.

बोलायला सुरुवात करण्याआधी ३० सेकंद दोघांनी गप्प बसायचं. त्या शांततेचा नमुना संपादनात लागतो.

भागाची मांडणी करताना कथानक सांगत बसू नकोस. नवख्या पॉडकास्टमधली सगळ्यात नेहमीची चूक हीच: पंधरा मिनिटं गोष्ट सांगायची आणि शेवटी ‘नक्की वाचा’. ऐकणाऱ्याला गोष्ट कळली, आता तो कशाला वाचेल? सुरुवात थेट उताऱ्याने कर, दीड-दोन मिनिटांचा. मग पुस्तक कोणाचं, कधीचं, हे दोन वाक्यांत. त्यानंतर गटात ज्या जागी वाद झाला तिथे ये आणि दोघांपैकी एकाने खरोखर दुसरी बाजू घे. दोघांचंही मत एकच असेल तर त्या पुस्तकावर दहा मिनिटांचाच भाग कर. शेवटी कोणती आवृत्ती वाचली, किंमत किती, आणि गावात प्रत कुठे मिळेल. संपूर्ण संहिता लिहून वाचलीस तर बातम्या दिल्यासारखं होतं. एका कागदावर दहा-बारा मुद्दे पुरतात. उतारा मात्र पूर्ण लिहून काढ, मोठ्या अक्षरात, आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने रेघ मार. छापील पान साधारण तीनशे शब्दांचं धरलं तर ते नीट वाचायला अडीच मिनिटं लागतात. यापेक्षा लवकर संपत असेल तर तू पळतेयस.

उच्चारांबद्दल तुला धास्ती आहे असं दिसतं. स्वतःचं बोलताना खान्देशी वळण राहू दे, लपवायला गेलीस की आवाज कृत्रिम होतो. लेखकाचं वाक्य वाचताना मात्र छापलंय तसं वाच: त्याचा ‘ळ’ आपल्या सवयीने ‘य’ होऊ देऊ नकोस, आणि त्याने बोलीत ‘डोया’ लिहिलं असेल तर सुधारून ‘डोळा’ करू नकोस. बहिणाबाई चौधरींवर भाग करशील तेव्हा त्यांची गाणी अहिराणीत आहेत असं म्हणू नकोस. ती लेवा गणबोलीत आहेत. बाहेरचे लोक सर्रास ही चूक करतात, पण बहिणाबाईंच्या माहेरच्या आसोद्यापासून चोपड्यापर्यंतचा ऐकणारा तिथेच भाग बंद करेल.

कॉपीराइटचं नीट समजून घे, कारण ‘आम्ही लेखकाचं नाव दिलं’ म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे समीक्षेसाठी उतारा घेता येतो. ‘दहा टक्के चालतं’ वगैरे जे सांगतात त्याला कायद्यात आधार नाही. उतारा चर्चेला लागतो तेवढाच, आणि त्यावर खरोखर चर्चा हवी. अख्खी कथा वाचायची तर प्रकाशकाला लेखी विचार: कोणती कथा, किती मिनिटं, पैसे मिळणार की नाही. लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षांनी पुस्तक मोकळं होतं, म्हणजे परवानगीशिवाय वापरता येतं. धरणगावात जन्मलेले आणि १९१८ साली भादलीजवळ रेल्वे अपघातात गेलेले बालकवी केव्हाच मोकळे आहेत. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे. बहिणाबाई गेल्या १९५१ साली, पण गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ साली. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, म्हणून त्या पहिल्या संग्रहातली गाणी २०१३ पासून. जुन्या कवितेला नव्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मात्र त्याच्या असतात, त्या उचलायच्या नाहीत. अनुवादाचाही हक्क वेगळा असतो. सुरुवातीच्या संगीतासाठी सिनेमाचं गाणं घेऊ नकोस. नंदुरबारकडचा कोणी पावरी वाजवणारा गाठ, त्याला मानधन दे, वीस सेकंद वाजवून घे आणि वापराची परवानगी कागदावर घे.

संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. क्रम असा ठेव: आधी त्या ३० सेकंदांच्या शांततेवरून नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करणं), मग हाय-पास फिल्टरने ८० हर्ट्झखालचा जाड आवाज कापणं, मग चुका काढणं, शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन (आवाजाची पातळी ठरावीक करणं) उणे १६ LUFS वर. तिथली मोनोला ड्युअल-मोनो धरण्याची खूण तशीच राहू दे. नॉइज रिडक्शनचा मोह होतो. जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी घरघर परवडते. प्रत्येक श्वास आणि प्रत्येक ‘म्हणजे’ कापत बसू नकोस, पण वाक्य पुन्हा म्हटलं असेल तर आधीचं नक्की काढ. पहिल्या भागाला तीन-चार तास लागतील, पुढे निम्म्यावर येशील. एमपी-थ्री काढताना मोनो, ६४ केबीपीएस. २५ मिनिटांची फाइल बारा एमबीची होते, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातही ती उतरते.

प्रकाशित करायला एका फुकट होस्टिंगवर (भाग साठवून पुरवणाऱ्या सेवेवर) खातं उघड. तिथून मिळणारा फीडचा (भागांच्या यादीचा) पत्ता एकदा बाकीच्या अॅपना दिला की पुढचे भाग आपोआप जातात. मुखचित्र चौरस, ३००० पिक्सेलचं, आणि त्यावरची अक्षरं फोनच्या पडद्यावर नखाएवढी झाली तरी वाचता यायला हवीत. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नकोस, तिथे बहुधा आधीच इंग्रजी निवडलेली असते. वर्णनात लेखक आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीतही लिही, कारण पुष्कळ लोक शोधताना तसंच टाइप करतात.

आपल्याकडे ऐकणारे येणार व्हॉट्सअॅपवरूनच. गटांवर पूर्ण फाइल टाकलीस तर किती जणांनी कुठवर ऐकलं हे कधीच कळणार नाही. मिनिटभराचा तुकडा आणि खाली दुवा, असं टाक. मग आकड्यांत एवढंच बघ: लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात. पहिल्या दोन मिनिटांत जात असतील तर प्रस्तावना लांबली आहे. मधेच जात असतील तर त्या जागी पुन्हा कथानक शिरलंय का ते तपास.

पहिला भाग झाला की लोकांत टाकण्याआधी मला पाठव. व्हॉट्सअॅपच्या माइकचं बटण दाबून ऐकवू नकोस, त्यात आवाज दाबला जातो आणि काय बिघडलंय ते कळत नाही. मूळ वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून जोड, दोन्ही फोनांवरची, न कापलेली.

तुझा,
काका