उन्हाच्या गावाला संघ पोसवेल का?

प्रश्न : आमच्या बेळगाव जिल्ह्यातील अथणीकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशीला टेकतो आणि मोठी शहरे लांब पडतात. अशा भागातील गावे वाढत राहतील का, आणि त्यांना व्यावसायिक खेळाचा संघ पोसता येईल का? – एक वाचक, अथणी

उत्तर : आपण उन्हावर बोट ठेवले आहे, माझ्या मते मात्र अडचण दुसरीकडेच आहे. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल हे शहर ब्रिस्बेनच्या उत्तरेला तेराशेहून अधिक किलोमीटरवर, उष्ण कटिबंधात आहे आणि त्याची वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील बेळगाव शहराच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीही तेथील ‘काउबॉइज’ हा ‘रग्बी लीग’ या रग्बीच्या प्रकारातील संघ १९९५ पासून राष्ट्रीय स्पर्धेत टिकून आहे आणि २०१५ मध्ये तो विजेताही ठरला. त्याच शहरातील ‘क्रोकोडाइल्स’ हा बास्केटबॉल संघ मात्र २०१६ मध्ये पैशांअभावी बंद पडला. ऊन दोघांनाही सारखेच होते; उलट बास्केटबॉल तर छपराखाली खेळतात! रग्बी लीगचा बराचसा हंगाम तिकडच्या हिवाळ्यात येतो हे खरे, पण त्याहून मोठा आधार दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशातील वाट्याचा असतो.

गावाच्या वाढीचेही असेच आहे. टाउन्सव्हिलला लष्करी तळ, विद्यापीठ आणि बंदर आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ असल्यामुळे तेथील बाजारात महिन्याच्या महिन्याला पगार फिरतो. अथणीचा बाजार मात्र उसाचे बिल कधी जमा होते याकडे डोळे लावून असतो आणि उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र आटले की कोयना-वारणेच्या पाण्यासाठी महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते. संघाच्या आधी हा पाण्याचा प्रश्न सुटायला हवा.

बेळगावच्या नावाचा ‘पँथर्स’ हा क्रिकेट संघ कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये होता. २०२२ मध्ये सुरू झालेल्या महाराजा ट्रॉफी या कर्नाटकातीलच क्रिकेट स्पर्धेच्या सहा संघांत मात्र बेळगाव नव्हते. गुलबर्ग्याच्या नावाचा संघ त्यात आहे, पण २०२३ आणि २०२४ चे सामने बेंगळूरलाच झाले. गुलबर्ग्याच्या माणसाने तो संघ आपला कसा मानावा? याउलट बेळगावातील आनंदवाडीच्या आखाड्यात हलगी कडाडू लागली की मातीच्या कडेला बसलेला माणूस निकाली कुस्ती झाल्याशिवाय उठत नाही, मग ऊन असो वा नसो. आपल्याकडे प्रेक्षक तयार आहे. नाही ते गर्दी नसलेल्या महिन्यांतही खेळाडूंना पगार देऊ शकेल असे उत्पन्न.