पार्किंगच्या टेस्टमध्ये गाडी अगदी मधोमध लागावी लागते का?

तुम्ही विचारलंय की रिव्हर्स घेऊन दोन रेषांमध्ये गाडी लावताना ती दर वेळी एका बाजूला सरकते, तर परीक्षक नापास करतील का. मधोमध नाही म्हणून सहसा नापास करत नाहीत. चारही चाकं रेषांच्या आत हवीत आणि गाडी सरळ हवी. रेषेला चाक लागलं तर काय, गाडी पुढे काढून किती वेळा परत घेता येते, हे नियम जागेगणिक बदलतात. ते परीक्षेआधी इन्स्ट्रक्टरला नक्की विचारून घ्या.

मीही शिकताना मधोमध आणण्याच्या मागे लागलो होतो. खरी अडचण तिरकेपणाची होती, हे फार उशिरा कळलं. समजा, जागा अडीच मीटर रुंद आहे आणि गाडी १.७ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना ४०-४० सेंटिमीटर मोकळे. गाडी १५ सेंटिमीटर एकीकडे सरकली तरी त्या बाजूला २५ उरतात, काही बिघडत नाही. पण चार मीटर लांबीची गाडी फक्त ५ अंशांनी तिरकी राहिली, तर तिच्या दोन टोकांत जवळजवळ ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो. मागचं टोक बरोबर मध्ये असलं तरी पुढच्या टोकाला रेषेपासून जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात. म्हणून आधी सरळ, मग मध्ये.

आता वेग. माझ्या मते सगळं जजमेंट इथेच बिघडतं. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग मधून एका टोकापर्यंत, म्हणजे फुल कट मारायला, साधारण दीड फेरा लागतो. त्याला तीन सेकंद लागले असं धरू. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, ताशी ५ किलोमीटरने मागे जात असेल, तर तेवढ्यात ती चार मीटर सरकलेली असते. आख्खी गाडीची लांबी! तेच ताशी १ किलोमीटरला ऐंशी सेंटिमीटर. वळण "चुकलं" असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा कट बरोबर असतो, गाडीच तोवर जास्त मागे गेलेली असते. त्यामुळे हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, ब्रेकवर पाय तयार ठेवून, अगदी रांगत घ्या. ऑटोमॅटिक असेल तर अॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावू नका. ब्रेक हलका सोडला की पुरतं.

मागे जाताना मागची चाकं कुठे जातायत तिकडे लक्ष ठेवा. गाडी त्यांच्याभोवती फिरते आणि पुढचं नाक उलट्या बाजूला बाहेर झोकतं. शेजारच्या गाडीला घासतं ते बहुधा हे नाकच, आणि तेव्हा आपली नजर मागे असते. दोन्ही आरशांत रेषा गाडीच्या अंगाला समांतर दिसतील तेव्हा पुढची चाकं सरळ झालेली हवीत. चाकं गाडी थांबल्यावर सरळ करायची नाहीत, समांतर होण्याच्या किंचित आधीपासून सोडवत आणायची.

तिरकी लागलीच, तर मागच्या मागे दुरुस्त करत बसू नका. पुढे काढा. पुढे जाताना मागची चाकं पुढच्यांच्या मागून येतात, त्यामुळे गाडी सरळ करणं फार सोपं जातं. माझ्या टेस्टमध्ये मी अर्ध्यात थांबलो, पुढे काढली, सरळ केली, पुन्हा घेतली आणि पास झालो. प्रत्येक वेळी हलण्याआधी खांद्यावरून मागे आणि दोन्ही बाजूंना बघितलं होतं. हे बघणं कृपा करून विसरू नका. रेषेपासून दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाल्याने कुणाला इजा होत नाही. न बघता मागे घेतलेल्या गाडीमागे लहान मूल असू शकतं.

राहिलेल्या दिवसांत एकच करा. गाडी लावल्यावर लगेच निघू नका, खाली उतरा. पुढच्या चाकाजवळचं आणि मागच्या चाकाजवळचं रेषेपर्यंतचं अंतर वेगवेगळं बघा. परत बसून तेच अंतर आरशात कसं दिसतं ते बघा, आणि मग पुढची खेप घ्या.