जिनिंगमधल्या ऑक्टेव्ह बँडच्या आकड्यांवरून एकूण डेसिबल कसे काढायचे?

तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये रेच्यांच्या (सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या) रांगेत आठ ऑक्टेव्ह बँड (आवाजाचे पट्टे, प्रत्येक पुढच्याची वारंवारता दुप्पट) मोजलेत. ६३ हर्ट्झपासून ८००० पर्यंत ७८, ८२, ८५, ८८, ८६, ८३, ७९, ७२ डेसिबल. सरासरी ८१.६ येते, तीच अहवालात लिहू का, असं विचारताय.

नका लिहू, भाऊ. एकट्या ५०० हर्ट्झच्या बँडमध्येच ८८ आहेत, मग एकूण आवाज त्याहून कमी कसा भरेल? मी यवतमाळकडच्या जिनिंगांमध्ये मोजणीची कामं करतो. हीच सरासरी लावलेला अहवाल एका ठिकाणी पाहिला होता. त्यावर विसंबून कामगारांना आवाज अडवणारे कानातले प्लग दिलेच नव्हते. बाया कानावरून दुपट्टा घट्ट बांधतात, पण तो उडणाऱ्या रुईसाठी. आवाज त्याने अडत नाही.

डेसिबल हा लॉगमधला आकडा आहे, म्हणून आधी लॉग सोडवायचा. आकड्याला १० ने भागा आणि १० चा तेवढा घात काढा. ८८ साठी १० चा ८.८ वा घात, म्हणजे ६३.१ कोटी. (म्हणजे आवाजाच्या दाबाचा वर्ग २० मायक्रोपास्कल या आधारदाबाच्या वर्गाच्या इतका पट.) तसंच ८६ चे ३९.८ कोटी, ८५ चे ३१.६, ८३ चे २०, ८२ चे १५.८, ७९ चे ७.९, ७८ चे ६.३ आणि ७२ चे जेमतेम १.६. बेरीज १८६ कोटी. तिचा लॉग ९.२७, गुणिले १० म्हणजे ९२.७ डेसिबल.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर जोड्या लावा: दोन सारखे आकडे असले की ३ वाढतात, १० चा फरक असला तर मोठ्या आकड्यात फक्त ०.४.

पण कामगाराच्या कानासाठी डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार दुरुस्त केलेले डेसिबल) लागतो. बेरजेआधी प्रत्येक बँडला ए-वेटिंगची दुरुस्ती लावा: −२६.२, −१६.१, −८.६, −३.२, ०, +१.२, +१.०, −१.१. ६३ हर्ट्झचे ६.३ कोटी दीड लाखांवर येतात, १००० हर्ट्झचे जसेच्या तसे राहतात. नवी बेरीज ११२.३ कोटी, म्हणजे ९०.५ डीबीए. कारखान्यांसाठी ८ तासांच्या पाळीला मर्यादा ९० ची आहे. सरासरीने सुरक्षित दिसणारी जागा प्रत्यक्षात मर्यादेबाहेर आहे, आणि हंगामभर माणसं तिथेच उभी असतात.

वन-थर्ड ऑक्टेव्ह (प्रत्येक ऑक्टेव्हचे तीन बँड) असेल तरी रीत हीच. एफएफटीच्या (आवाजाचे बारीक वारंवारतांत तुकडे पाडणाऱ्या गणिताच्या) रेषा हॅन विंडोने (नमुन्याच्या कडा मऊ करणाऱ्या वजनाने) घेतल्या असतील तर बेरजेला १.५ ने भागा, नाहीतर एकूण आकडा १.७६ डेसिबलने फुगतो.

बँड मोजताना मापक झेड वेटिंगवर (काही दुरुस्ती न लावता) होता की ए वर, ते मात्र आधी बघा. ए वर असेल तर दुरुस्ती आधीच झालेली आहे, ती पुन्हा लावू नका. मग ९२.७ हाच तुमचा डीबीए.