‘माझा आवाज बेसूर आहे, मी मुलाला गाणे कसे म्हणून दाखवू?’

लहान मुलांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘आम्हाला गाता येत नाही, मग मोबाईलवर चांगल्या आवाजातली बालगीते लावून दिली तर काय बिघडले?’ हा प्रश्न आला की मला एक आई आठवते. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

त्यांचा मुलगा बावीस महिन्यांचा होता आणि जेमतेम आठ-दहा शब्द बोलत होता. बालरोगतज्ज्ञांनी आधीच श्रवणचाचणी करून घेतली होती आणि ती व्यवस्थित आली होती. मूल उशिरा बोलत असेल, तर पहिल्यांदा कान तपासून घ्यायलाच हवेत; कितीही गाणी म्हटली तरी त्याला पर्याय नाही. आईवडील दोघेही नोकरी करत आणि दिवसभर आजी सांभाळत. गाणी लागली की चार घास पोटात जातात, म्हणून मोबाईल रोज दोन-तीन तास सुरू असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, हे मी सांगितले. त्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पाचवीत स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात बाईंनी मला सांगितले होते, ‘तू नुसते ओठ हलव.’ तेव्हापासून मी कधी गुणगुणलेसुद्धा नाही.”

मला फार वाईट वाटले. एका वाक्यामुळे एवढी वर्षे मिटलेला तो आवाज त्यांच्या मुलाने जन्माआधीपासून ऐकलेला होता. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येते आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज इतरांच्या आवाजातून ओळखते. त्याच्या लेखी तो आवाज बेसूर नसतो, आपला असतो.

मी मुलासमोर जमिनीवर बसले, त्याचा तळहात हातात घेतला आणि त्यावर बोट टेकवत मोराला बसायला बोलावणारे बडबडगीत म्हणू लागले. मोर उडून जातो त्या शेवटच्या शब्दाच्या अलीकडे मी थांबले. त्याने माझ्या बोटाकडे पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मी हात उंच नेत ‘भुर्र’ म्हटल्यावर तो खदखदून हसला. तिसऱ्या खेपेला मी थांबले तेव्हा त्याने स्वतःच हात वर करून ‘बुर्र’ म्हटले. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

माझ्या मते सोबत गाण्याचे सारे मर्म त्या थांबण्यात आहे. मोबाईलवरचे गाणे कितीही सुरेल असले तरी मुलासाठी थांबत नाही. माणूस थांबतो, मुलाच्या तोंडाकडे बघतो, त्याने अर्धामुर्धा उच्चार केला तरी तो उचलून पुढे जातो. आळीपाळीने बोलण्याची सवय मुलाला इथेच लागते. शिवाय गाताना शब्द लांबतात, अक्षरे सुटी ऐकू येतात आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा आल्याने पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधता येतो. जवळीकही वाढते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदा महिन्यांच्या बाळांना गाण्याच्या ठेक्यावर झुलवले होते. समोरची व्यक्ती ज्यांच्याबरोबर त्याच तालात झुलली, त्या बाळांनी नंतर तिच्या हातून पडलेल्या वस्तू तिला अधिक वेळा उचलून दिल्या.

मी त्यांना गाणी पाठ करायला सांगितले नाही. रोजच्या कामाची एक ओळ कुठल्याही चालीत म्हणा, एवढेच सुचवले. घरी जाऊन त्यांनी ‘बूट घालू, बूट घालू, उजवा आधी, डावा मग’ अशी ओळ रचली. आजींना तर कितीतरी अंगाई आणि बडबडगीते येत होती. इतके दिवस त्यांना कुणी विचारलेच नव्हते. जेवताना मोबाईल बंद झाला, तेव्हा पहिला आठवडा रडारडीत गेला आणि दोनदा जेवण अर्धवट राहिले. आजींनी मात्र धीर सोडला नाही.

तीन महिन्यांनी मुलाचे शब्द बरेच वाढले होते. त्यात वयाचा वाटा किती आणि गाण्याचा किती, हे मी वेगळे काढून सांगू शकत नाही आणि वाचातज्ज्ञांकडील भेटीही मी सुरूच ठेवायला सांगितल्या. त्या दिवशी निघताना तो दाराशी पाय पसरून बसला आणि उजवा बूट पायात घालत स्वतःच गाऊ लागला, “बूत घालू, बूत घालू, उजा आधी...” मग तो थांबला आणि डावा बूट हातात धरून आईच्या तोंडाकडे पाहत राहिला. बाहेर चार माणसे बसली होती. आईने मोकळ्या आवाजात गाऊन ओळ पूर्ण केली.