सगळ्यांना सगळं देऊन बसलो, आता?

प्रश्न : एकाच लिनक्स कॉम्प्युटरवर मी आणि माझी बहीण वेगवेगळ्या अकाउंटने काम करतो. हिशेबाचं फोल्डर दोघांना हवं होतं, पण तिला त्यात लिहिता येईना. वैतागून मी माझ्या अख्ख्या होम फोल्डरलाच 'सीएचमॉड -आर ७७७' दिलं, म्हणजे आतल्या सगळ्याची सगळी परवानगी सगळ्यांना. आता एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्रॅम) माझी की, म्हणजे ओळख पटवायची फाइल, नाकारतंय. पूर्ववत कसं करू?

उत्तर : आधी एसएसएचचे आभार माना. खासगी की इतरांना वाचता येत असेल तर ते ती वापरतच नाही. बाकी बहुतेक प्रोग्रॅमनी तुम्हाला हटकलंही नसतं!

परवानगीच्या आकड्यात वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, आणि त्यांची बेरीज. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा उरलेल्या जगाचा. हे तुम्हाला ठाऊक असेलच. गफलत होते ती फोल्डरपाशी. तिथे १ म्हणजे आत शिरायची मुभा. शिवाय फाइल डिलीट करायची परवानगी फाइलवर नव्हे, ती ज्यात आहे त्या फोल्डरवर ठरते. फाइलला ४४४ देऊन निर्धास्त झालेले बरेच जण भेटतात. फोल्डर ७७७ असेल तर ती फाइल कोणीही उडवू शकतो.

आता दुरुस्ती. कोणी मोठ्या 'एक्स'ची युक्ती सांगेल, म्हणजे फोल्डरांनाच तेवढा एक्स (चालवायची परवानगी). पण ज्या फाइलींना आधीच एक्स आहे त्यांचा ती काढत नाही, आणि तुमच्याकडे तर तो सगळ्यांनाच चिकटलाय. त्यापेक्षा 'फाइंड ~ -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड ७०० {} +' चालवा. मग तीच कमांड डीच्या जागी एफ आणि ७००च्या जागी ६०० घालून. की यातच सुधारेल. तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट आणि होममध्ये टाकलेले प्रोग्रॅम मात्र चालेनासे होतील. त्यांना 'सीएचमॉड यू+एक्स'ने मालकापुरती चालवायची परवानगी हाताने परत द्यायची. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

हिशेबाचं फोल्डर होममध्ये ठेवूच नका, नाहीतर बहिणीसाठी पुन्हा दार उघडावं लागेल. '/एसआरव्ही'खाली नवं फोल्डर करा. एक ग्रुप बनवून दोघांना 'युजरमॉड -एजी'ने त्यात घाला. त्यातला छोटा 'ए' विसरलात तर बाकीच्या ग्रुपांतून नाव कटतं, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोच्यासुद्धा, आणि मग खरी धावपळ होते. लॉगआउट करून परत या. 'सीएचजीआरपी'ने फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि २७७० द्या. पुढच्या २मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते.

तरीही बहिणीला तुमची नवी फाइल नुसती वाचता आली, लिहिता आली नाही, तर यूमास्क (नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) ०२२ असणार. दोघांच्याही अकाउंटमध्ये तो ००२ करा. जुन्या फाइली 'एमव्ही'ने हलवल्यात तर त्या आपला जुना ग्रुप आणि ६०० घेऊनच येतील. त्यांचा ग्रुप एकदा बदलून ६६० देऊन टाका.