नीटचा तिसरा अटेम्प्ट आणि काचेची गंजगोलाई

प्रश्न (मोठ्या पत्रातून थोडक्यात) : आमचं उदगीरला काच-अल्युमिनियमचं दुकान आहे. मुलाने लातूरला राहून दोनदा नीट दिली, जमलं नाही. तिसऱ्यांदा बस म्हटलं तर म्हणतो मला काचेची कला करायची. काचेचे तुकडे जोडून बिल्डिंगी, शेतातल्या भेगा असलं काहीबाही करत असतो. सध्या सगळं सामान गोदामात टाकून कुलूप लावलंय. भट्टीत एक काम केलं होतं तेही दोन दिवसांनी तडकलं, म्हणजे हातात गुण नाही. रिपीट करता करता होईल असा एखादा सरकारी सर्टिफिकेटचा कोर्स आहे का? (फोटो जोडलेत.)

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात दोन्ही वर्षांचे मार्क विषयवार आहेत, मेहुण्याचा मुलगा एमबीबीएसला लागल्याचंही आहे, आणि कुलपाचं मात्र मधेच एका ओळीत उरकलंत. मला मार्कांचं काही वाटलं नाही, दोनदा नीट देऊन नंबर न लागलेली पोरं लातुरात गल्लोगल्ली आहेत. मी अडकलो त्या कुलपापाशी. सामान आत गेल्यावर तो बायोलॉजी घेऊन बसला का? तसं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बसला नसणार. एकोणीस वर्षाचं लेकरू आहे, त्याच्या हातातलं काम काढून घेतलं की ते पुस्तकाकडं वळतं असं मी तरी कधी पाहिलं नाही, ते मोबाईलकडं वळतं नाहीतर गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं जास्त वाईट. क्लासची फी, होस्टेल, पाहुण्यांना काय सांगू, हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय आणि त्याला स्वतःला काय वाटतं हे एकदाही नाही. गेलेले पैसे गेले. दुकानात न खपलेला माल पडलाय म्हणून तुम्ही तोच माल अजून भरता का?

आता हातात गुण नाही म्हणता त्याचं. फोटो मी मोठा करून बघितला, एक तुकडा खिडकीच्या फ्लोट काचेचा आहे आणि दुसरा तुम्हीच लिहिलंय तसा ओव्हनच्या फुटक्या भांड्याचा, म्हणजे बोरोसिलिकेट. या दोन काचा गरम होताना सारख्या फुगत नाहीत न् गार होताना सारख्या आकसत नाहीत. फ्लोट काच बोरोसिलिकेटच्या अडीच-तीन पट आकसते. भट्टी साधारण 550 डिग्रीवरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फूटभर लांबीत जवळपास एक मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एकमेकांना चिकटलेल्या काचेला तो सहन होत नाही, ती आज नाही तर परवा तडकणारच, तिथं जगातला कुठलाही कलाकार बसवा. तुम्हाला हे मी काय सांगावं, तापवून कडक केलेली टफन काच नंतर कापायला गेलं की भुगा होतो तो आतल्या ताणानेच ना? एकाच जातीची काच घेतली तरी ती हळूहळूच गार करावी लागते, आणि जाडी दुप्पट झाली की गार करायचा वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. हे शिकायचं असतं, कोणी पोटातून शिकून येत नाही. नीटचा पहिला टेस्ट पेपर बिघडला तेव्हा तुम्ही क्लास बंद केला होता का?

आणि काचेची कला म्हणजे फिरोजाबादसारखी धगधगती भट्टी न् फुंकणी, असंही नाही. आज बिल्डिंगचा विषय घेऊन काम करणारे कितीतरी जण साच्यात काच वितळवतात, इलेक्ट्रिक भट्टीत थर जोडतात, नाहीतर थंड काचच कापून, घासून, चिकटवून काम करतात. म्हणजे काच कापायचा हिरा, ग्राइंडर, बेव्हल (तिरकी घासलेली कड), सँडब्लास्ट (वाळूचा मारा करून खरवडणं), यूव्ही ग्लू (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा गोंद). यातलं बरंचसं तुमच्या दुकानात आहे. मला विचाराल तर त्याचा पहिला कोर्स तिथंच, आणि मास्तर तुम्ही. फक्त घासताना पाणी, गॉगल न् मास्क, यात सूट नाही.

कामाबद्दल स्पष्टच बोलतो. फोटोतला बुर्ज खलिफा वाईट आहे, नेटवरून उचललाय. पण ती वरून बघितलेली लातूरची गंजगोलाई, त्या गोल बाजारपेठेला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांच्या सोळा पट्ट्या आणि मधल्या जागेत उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा, हे त्याने बघून केलंय. आपल्या भागात असलं कोण करतं असं विचारलंत, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात एकदा घेऊन जा त्याला. सातवाहन काळात तेरला काचेचे मणी होते.

रिपीट करता करता होईल असा कोर्स मी सुचवणार नाही, दोन्ही अर्धे राहतील. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, डॅट ही तिथली प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. ते नाही झालं तर एएसी सीईटी ही राज्याची कला प्रवेश परीक्षा देऊन बीएफए, म्हणजे कलेची पदवी, संभाजीनगरला सरकारी कॉलेज आहेच. सरकारी नोकरीची हमी यात कुठंच नाही. सुरुवातीची काही वर्षं पार्टिशन आणि आरशांचं काम करूनच तो खर्च भागवेल, आर्किटेक्टच्या ऑर्डरी ओळखी झाल्यावर येतात. पण एनआयडीच्या बी.डेस.ला (डिझाइनच्या पदवीला) वयाची अट आहे, तेव्हा नीटच्या तिसऱ्या वर्षाचा हिशोब करायच्या आधी दोघं बसून त्याची जन्मतारीख त्या अटीत बसते का ते बघा, आणि फॉर्म त्यालाच भरू द्या.