सायकलच्या सांगाड्याला घरी रंग देताना

प्रश्न : वडिलांची २४ इंची काळी सायकल मी गेल्या मे महिन्यात घरीच रंगवली. गंज पॉलिश पेपरने घासून त्यावर थेट काळा ऑइलपेंट दिला. पावसाळा सरेपर्यंत चिमट्यावर आणि पायडलजवळ रंगाचे पोपडे निघाले. आता सगळा जुना रंग खरवडून काढावा लागेल काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सगळा रंग काढण्याची गरज नाही, आणि काढूही नये असे मी आग्रहाने सांगेन. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला मूळचा काळा थर जिथे नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचलत नाही, तिथे त्याच्याइतका चांगला अस्तर आपल्याला घरी देता येणार नाही. तो केवळ ३२० नंबरच्या पेपरने घासून त्याची चकाकी घालवावी. गेल्या वर्षीचा सुटलेला रंग आणि गंज मात्र १२० नंबरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावा. घासताना पेपर पाण्यात भिजवावा, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो (घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली) आणि कोरडी धूळ श्वासातून आत जाते. मुले जवळ नसावीत.

आपली खरी चूक क्रमाची आणि प्राइमरची (रंगाखाली द्यायच्या गंजरोधक थराची) झाली, असे दिसते. चेनजवळच्या जागेत वर्षानुवर्षांचे ग्रीस मुरलेले असते. ते न काढता घासले की ते पेपरच्या ओरखड्यांतच भरले जाते आणि रंग लोखंडाला न चिकटता तेलावर बसतो. म्हणून आधी केरोसीन, मग साबणाचे पाणी, आणि त्यानंतरच पेपर. शिवाय ऑइलपेंटमधून ओलावा थोडाथोडा आत झिरपतोच. खाली रेड ऑक्साईड प्राइमर नसेल तर खड्ड्यांत उरलेला गंज वाढतो, लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि रंगाला खालून उचलतो.

कोकणात हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, उन्हे वर आल्यावर करावे. उघडे लोखंड पुसून, उन्हात वाळवून त्याच दिवशी प्राइमर द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस सोडून द्यावेत. जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. रंग टर्पेंटाइनने पातळ करावा. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा तीव्र द्रावक) वापरल्यास खालचा थर फुगून येतो.

बीबीचे (पायडलचा आस बसतो त्या आडव्या नळीचे) आटे, छऱ्यांच्या वाट्या बसण्याच्या जागा आणि सीटच्या नळीचे तोंड चिकटपट्टीने झाकावे. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक रंगाने बुजू देऊ नये. जोडणी आठवड्याने करावी. त्यापूर्वी सीटच्या नळीत थोडे पातळ तेल ओतून सांगाडा सर्व बाजूंनी कलता करावा, कारण नळी आतूनही गंजते. हे तेल मात्र रंग पूर्ण वाळल्यावरच ओतावे, अन्यथा ते बीबीतून झिरपून ताज्या कामावर पसरते.